कमी बिटांचं हार्डवेअर, अचूक उत्तर: न्यूरल नेटवर्क चालवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये सोयाबीनचे दाणे कॅमेऱ्याने निवडणारी यंत्रं बनवणारे, सांवेर रोडच्या कारखान्यांतल्या मोटरींवर कंपन-सेन्सर लावणारे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारे, या सगळ्यांची अडचण एकच असते. मॉडेल लॅपटॉपवर ३२-बिट फ्लोटमध्ये (दशांश संख्यांत) छान चालतं. पण यंत्रात बसवायचा बोर्ड आठ-बिट गणितावर आणि थोड्या विजेवर चालणारा असतो आणि तिथे उत्तरं बिघडतात. त्या अडचणीशी संबंधित प्रश्न इथे घेतले आहेत.

आठ बिटांच्या हार्डवेअरवर १६ किंवा ३२ बिटांच्या तोडीचं उत्तर खरंच मिळतं का?

मिळतं. मात्र सगळीकडे जास्त बिट खर्च करायला गेलात, तर वीज वाचवण्याचा हेतूच बाजूला पडतो. नेटवर्कमधल्या बहुतेक गुणाकारांना आठ बिट पुरतात. जास्त बिट लागतात ते मोजक्या जागी: बेरजा साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर, स्केलचे (एका पायरीचं माप ठरवणारे) गुणक, सॉफ्टमॅक्स (आकड्यांच्या शक्यता करणारी पायरी) आणि नॉर्मलायझेशन (किमती एका मापात आणणं), आणि पुष्कळदा पहिला व शेवटचा थर. या जागा शोधून तेवढ्याच जपायच्या. शिवाय जिथे हार्डवेअरमध्ये रुंद गुणाकार नाहीच, तिथे मोठी संख्या तुकड्यांत फोडून लहान गुणाकारांतून तोच निकाल उभा करता येतो. ती रीत खाली सविस्तर दिली आहे.

विजेची बचत नक्की कुठे होते?

स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपसाठी मांडलेले आकडे आजही अंदाजाला उपयोगी पडतात. ३२-बिट फ्लोट गुणाकाराला सुमारे ३.७ पिकोज्यूल (ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग) आणि बेरजेला ०.९ लागतात. ८-बिट पूर्णांक गुणाकाराला ०.२ आणि ३२-बिट पूर्णांक बेरजेला ०.१. म्हणजे एक गुणाकार-बेरीज फ्लोटमध्ये ४.६ आणि आठ बिटांत ०.३ पिकोज्यूलला पडते, जवळपास पंधरापट फरक. नव्या चिपवर आकडे खाली येतात, पण प्रमाणाचा कल तोच राहतो.

याच तक्त्यातला दुसरा आकडा मात्र लोकांच्या नजरेतून सुटतो. चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीतून ३२ बिट वाचायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात, तर चिपवरच्या ८ किलोबाइटच्या एसरॅम मेमरीतून ५. प्रत्येक वजन (प्रशिक्षणातून ठरलेला गुणक) दरवेळी डीरॅममधून आणत असाल, तर गुणाकार स्वस्त करून हाती काही लागत नाही. तेव्हा आधी वजनं लहान करा, चिपवरच्या मेमरीत बसवा आणि एकदा आणलेलं वजन जास्तीत जास्त वेळा वापरा.

आठ बिटांत दशांश संख्या बसवतात कशी?

एक स्केल आणि एक शून्यबिंदू ठरवून. समजा एखाद्या थराचं आउटपुट −१.२ ते ३.९ या पल्ल्यात येतं. पल्ला ५.१, पायऱ्या २५५, म्हणून स्केल ०.०२. −१.२ ला −१२८ वर बसवायचं, तर शून्यबिंदू −६८ येतो. आता २.३६८ ही किंमत घ्या: ०.०२ ने भागून ११८.४, पूर्णांक ११८, त्यातून ६८ वजा करून ५०. परत उलगडली की २.३६ मिळते. चूक ०.००८, आणि पल्ल्याच्या आत ती अर्ध्या पायरीपेक्षा म्हणजे ०.०१ पेक्षा मोठी होत नाही.

याच थरात एखादीच किंमत ४० आली आणि तुम्ही पल्ला तिथपर्यंत ताणला, तर पायरी ०.१६ होते. एका आडदांड किमतीपायी बाकी सगळ्यांची अचूकता आठपट घसरते. आठ बिटांत मॉडेल बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

वजनांसाठी शून्यबिंदू शून्यच ठेवा, पल्ला −१२७ ते १२७ घ्या आणि प्रत्येक आउटपुट चॅनेलला (एका फिल्टरच्या आउटपुटला) वेगळं स्केल द्या. मोबाइलनेट या फोटो ओळखणाऱ्या मॉडेलसारख्या डेप्थवाइज थरांत (जिथे प्रत्येक चॅनेलला आपलाच फिल्टर असतो) चॅनेलागणिक वजनांचे पल्ले फार वेगळे असतात. तिथे संपूर्ण थराला एकच स्केल दिलंत, तर मॉडेल सपशेल कोसळू शकतं.

उत्तरं चुकताहेत. आधी काय तपासायचं?

अ‍ॅक्युम्युलेटर. मॉडेलला दोष देण्याआधी बेरीज कुठे साठते ते पाहा.

चिन्हासकट (−१२८ ते १२७) आठ-बिट गुणाकार जास्तीत जास्त १६,३८४ येतो. अ‍ॅक्युम्युलेटर १६ बिटांचा असेल, तर त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं, म्हणजे मोठे दोन गुणाकार आले की तो ओसंडतो. ३२ बिटांत मात्र असे सुमारे १,३१,००० गुणाकार मावतात. ३×३ चा फिल्टर आणि ५१२ चॅनेल धरले तरी ४,६०८ गुणाकार होतात, तेव्हा तिथे धास्ती नाही.

जुन्या इंटेल लॅपटॉपवर एक खोच आहे. व्हीएनएनआय (आठ-बिट गुणाकारांची बेरीज थेट ३२ बिटांत करणाऱ्या) सूचना नसलेले प्रोसेसर दोन गुणाकारांची बेरीज मध्येच १६ बिटांत कोंबतात. इथे एक संख्या चिन्हाविना, म्हणजे २५५ पर्यंत असते; २५५ × १२७ चे दोन गुणाकार मिळून ६४,७७० होतात, पण प्रोसेसर ते ३२,७६७ वर छाटतो. कसलाही इशारा येत नाही, नुसतं उत्तर चुकतं. अशा मशीनवर वजनं सात बिटांत ठेवा.

फ्लोटमध्ये वेगळंच घडतं. एफपी१६ मध्ये (१६-बिट फ्लोटमध्ये) १ मध्ये १ मिळवत राहा: बेरीज २०४८ ला पोचली की तिथेच अडकते, कारण २०४९ त्या साच्यात बसतच नाही आणि ती परत २०४८ वर गोल होते. बीफ्लोट१६ मध्ये (घातांकाला जास्त बिट देणाऱ्या दुसऱ्या १६-बिट साच्यात) हीच गत २५६ वर होते. उपाय म्हणजे गुणाकार १६ बिटांत आणि बेरीज ३२ बिटांत. ३२-बिट बेरीज महाग पडत असेल, तर ६४-६४ पदांचे गट करून गटाची बेरीज १६ बिटांत आणि गटांची आपापसातली बेरीज ३२ बिटांत करा. रुंद बेरीज अजिबात उपलब्ध नसेल, तर काहानची भरपाईची बेरीज (गोल करताना सुटलेला भाग पुढच्या पदात मिळवणारी) वापरा. तिला दर पदामागे चार क्रिया लागतात. कंपायलरचा फास्ट-मॅथ (गणित झटपट उरकणारा) पर्याय चालू असेल, तर तो ही भरपाई 'निरुपयोगी' समजून काढून टाकतो, म्हणून त्या फाइलपुरता तो बंद ठेवा.

सोळा बिटांचा गुणाकार आठ-बिट गुणकावर कसा करायचा?

संख्या फोडून. १२,३४५ = ४८ × २५६ + ५७ आणि −६,७८९ = −२७ × २५६ + १२३ असं मांडा. आता चार लहान गुणाकार करायचे:

४८ × −२७ = −१,२९६, याला ६५,५३६ ने गुणलं की −८,४९,३४,६५६.
४८ × १२३ आणि ५७ × −२७ यांची बेरीज ४,३६५, तिला २५६ ने गुणलं की ११,१७,४४०.
५७ × १२३ = ७,०११.

तिन्ही मिळवा: −८,३८,१०,२०५. थेट गुणाकार करून ताडून पाहा, तोच येतो. ६५,५३६ आणि २५६ ने गुणणं म्हणजे नुसतं बिट सरकवणं, त्याला गुणक लागत नाही.

प्रत्यक्ष करताना चार गोष्टी सांभाळा. पहिली: खालचा तुकडा १२७ च्या वर गेला, तर चिन्हासकट आठ बिटांत तो बसत नाही. तेव्हा त्यातून २५६ वजा करा आणि वरच्या तुकड्यात १ मिळवा. उदाहरणार्थ १२,५०० चे तुकडे ४८ आणि २१२ नको, तर ४९ आणि −४४. त्यामुळे सर्वांत मोठी चालणारी संख्या ३२,६३९ होते. स्केल त्या हिशेबाने थोडं आटोपशीर ठेवा.

दुसरी: दर गुणाकाराला जोडणी करत बसू नका. वर-वर, तिरपे आणि खाल-खाल असे तीन वेगळे ३२-बिट अ‍ॅक्युम्युलेटर संपूर्ण ओळीसाठी चालवा आणि शेवटी एकदाच ६४ बिटांत जोडा. तिरपे गुणाकार दोन असतात, म्हणून त्या खात्यात निम्मीच पदं, सुमारे ६५,००० मावतात.

तिसरी: खाल-खालचा गुणाकार टाळून चारऐवजी तीन गुणाकारांत काम उरकता येतं. वरच्या उदाहरणात चूक फक्त ७,०११ ची, म्हणजे ०.०१ टक्क्याहूनही कमी. पण दोन्ही संख्या लहान असतील, तर सगळं उत्तर त्या टाकलेल्या गुणाकारातच असतं. ५७ × १२३ चं उत्तर मग चक्क शून्य येईल. किमती पूर्ण पल्ला वापरतील असं स्केल निवडलं असेल, तरच ही काटछाट करा.

चौथी, आणि बोर्ड विकत घेण्याआधी बघायची: ही रीत ३२-बिट अ‍ॅक्युम्युलेटर जसाच्या तसा वाचता येतो अशाच हार्डवेअरवर चालते. कॉर्टेक्स-एम (आर्मचे लहान मायक्रोकंट्रोलर), डीएसपी (सिग्नल-गणिताच्या चिप), लॅपटॉपचा प्रोसेसर, जीपीयूचे टेन्सर कोर (मॅट्रिक्स गुणणारे भाग) इथे तो हाती लागतो. गूगल कोरलच्या एज टीपीयूसारखी, फक्त न्यूरल नेटवर्क चालवणारी चिप प्रत्येक थराचं उत्तर आठ बिटांत छाटूनच बाहेर देते. तिथे तुकडे केले तरी जोडायला काही उरत नाही.

चार गुणाकार केल्यावर वीज वाचते का?

वरचेच आकडे धरले, तर चार गुणाकार-बेरजांना १.२ पिकोज्यूल लागतात, म्हणजे फ्लोटच्या ४.६ च्या साधारण चौथा हिस्सा. सरकवणं-जोडणं धरूनही फायदा उरतो. तुकडे मेमरीत वेगवेगळे साठवून दोनदा वाचले, तर मात्र तो आटतो.

३२ किंवा ६४ बिटांच्या फ्लोटसाठीही हे चालतं का?

३२-बिट फ्लोटची मॅन्टिसा (संख्येचे अर्थपूर्ण अंक) २४ बिटांची. तीन बीफ्लोट१६ संख्यांत आठ-आठ बिट वाटून ती पूर्ण बसते. नऊ गुणाकार होतात, पण सर्वांत लहान तीन सोडून सहा केले तरी ३२-बिटांच्या जवळपासची अचूकता मिळते.

६४ बिटांसाठी ओझाकी पद्धत वापरतात. ओझाकी, ओगिता, ओइशी आणि रुम्प यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या या रीतीत मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीला एक सामाईक घातांक देऊन तिचे थोड्या-थोड्या बिटांचे काप करतात, म्हणजे प्रत्येक कापाचा गुणाकार आणि बेरीज तंतोतंत येते. पुढे हीच रीत आठ-बिट पूर्णांक टेन्सर कोरवर आणली गेली. कापांची संख्या दुप्पट केली की काम चौपट होतं, हे लक्षात ठेवा. एकाच ओळीत फार मोठ्या आणि फार लहान किमती मिसळल्या असतील, तर लहानांचे बिट सामाईक घातांकाखाली दबून जातात. अशा वेळी आधी ओळी-स्तंभांचं स्केलिंग करून घ्या. न्यूरल नेटवर्कच्या रोजच्या वापराला ६४ बिट लागतच नाहीत. ही गरज मुख्यतः वैज्ञानिक गणितांची.

स्केलचा गुणक तर अपूर्णांक असतो. फ्लोट युनिट नसेल तर?

तो ३२-बिट पूर्णांक आणि उजवीकडे सरकवणं असा मांडा. गुणक ०.००७२ असेल, तर त्याला सात वेळा दुप्पट करून ०.९२१६ मिळतो. २ चा ३१ वा घात घेऊन गुणलं की १,९७,९१,२०,९३०. गुणाकार ६४ बिटांत करून ३१ + ७ बिट उजवीकडे सरकवायचं. सरकवण्याआधी अर्धा मिळवून गोल करायला विसरू नका. नुसतं छाटलं तर प्रत्येक थरात उत्तर एकाच दिशेला थोडं ढळतं आणि वीस-तीस थरांनंतर ते नजरेत भरतं. लॅपटॉपवरचं सिम्युलेशन आणि बोर्ड यांत एका-एका बिटाचा फरक दिसला, तर बहुतेक वेळा हेच गोल करणं दोन्हीकडे वेगळं असतं.

कॅलिब्रेशनसाठी (थरांचे पल्ले ठरवायला) किती आणि कोणते फोटो घ्यायचे?

शंभर ते पाचशे पुरतात. संख्येपेक्षा विविधता जास्त मोलाची. सोयाबीनच्या दाण्यांचं उदाहरण घ्या. माळव्यात काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते आणि फोटो बहुधा तेव्हाच, उन्हात काढले जातात. यंत्र मात्र वर्षभर गोदामात, ट्यूबलाइटखाली चालतं. फक्त उन्हातल्या फोटोंवर पल्ला ठरवला, तर गोदामातल्या मंद फोटोंच्या किमती मोजक्याच पायऱ्यांत गोळा होतात आणि डागी दाणा, तुटका दाणा, हिरवा दाणा यांतला फरक पुसला जातो. ओला माल, सुका माल, माती चिकटलेला माल, रिकामा पट्टा, सगळ्याचे फोटो घ्या. पट्ट्यावर उडालेली चकाकी हीच ती आडदांड किंमत. म्हणून पल्ला कमाल-किमान किमतींवरून न ठरवता ९९.९ किंवा ९९.९९ शतमकावर कापा आणि दोन्ही करून पाहा.

कॅमेऱ्यानेच दाण्यावरचा डाग टिपला नसेल, तर पुढे कितीही बिट वाढवून तो दिसणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी प्रकाश आणि फोकस नीट करा.

कोणता थर दगा देतोय हे कसं ओळखायचं?

एकाच इनपुटवर फ्लोट मॉडेल आणि आठ-बिट मॉडेल दोन्ही चालवा. प्रत्येक थराच्या आउटपुटमधला फरक घ्या आणि सिग्नल-ते-चूक गुणोत्तर डेसिबलमध्ये काढा. मग उलटा प्रयोग करा: सगळं फ्लोट ठेवून एकेकच थर आठ बिटांत न्या आणि अंतिम अचूकता किती पडते ते लिहून ठेवा. पहिल्या पद्धतीत आधीच्या थरांची चूक पुढे साठत जाते, दुसरीत थर एकटा उघडा पडतो. जे दोन-चार थर पकडले जातात, त्यांनाच १६ बिट द्या. टीएफलाइटमध्ये (लहान उपकरणांवर मॉडेल चालवणाऱ्या गूगलच्या सॉफ्टवेअरमध्ये) आउटपुट १६ आणि वजनं ८ बिट असा पर्याय आहे. तो ६४-बिट अ‍ॅक्युम्युलेटर वापरतो, म्हणून लहान मायक्रोकंट्रोलरवर हळू चालतो.

मोटरच्या कंपनांवर मॉडेल लॅपटॉपवर बेअरिंगचा दोष पकडतं, बोर्डवर नाही. का?

दोष बहुधा नेटवर्कचा नसून त्याआधीच्या एफएफटीचा (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणिताचा). आर्मच्या सीएमएसआयएस-डीएसपी लायब्ररीतली क्यू१५ (१६-बिट अपूर्णांकांची) एफएफटी ओसंडू नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर किमती निम्म्या करते. १०२४ बिंदूंना असे दहा टप्पे लागतात, म्हणजे दहा बिट सरकतात. ५० हर्ट्झवर सुमारे १४४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या चार-पोल मोटरीत फेऱ्यांच्या वारंवारतेचं, म्हणजे २४ हर्ट्झचं शिखर मोठं असतं, ते टिकून राहतं. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला पडलेल्या तड्याचं शिखर अगदी बारीक, आणि ते या सरकवण्यात शून्य होतं. मग नेटवर्कला दिसणार काय?

एफएफटी क्यू३१ मध्ये (३२-बिट अपूर्णांकांत) करा, किंवा कॉर्टेक्स-एम४एफ असेल तर सरळ फ्लोटमध्ये. एकूण विजेत तिचा वाटा सहसा थोडाच असतो. त्याआधी सिग्नलची सरासरी वजा करा, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरवर बसलेलं गुरुत्वाकर्षण पल्ला खाणार नाही. नेटवर्कला थेट आयाम न देता त्याचा लॉग द्या. लहान-मोठी शिखरं मग एकाच आठ-बिट पल्ल्यात नांदतात.

पुन्हा प्रशिक्षण द्यावंच लागतं का?

आठ बिटांत बहुधा नाही. चॅनेलनिहाय स्केल आणि चांगलं कॅलिब्रेशन एवढ्याने भागतं. चार बिटांत, किंवा अगदी लहान मॉडेलमध्ये, क्वांटायझेशन (कमी बिटांत गोल करणं) गृहीत धरून थोडं प्रशिक्षण द्यावं लागतं. तयार फ्लोट मॉडेलपासून सुरू करा, शिकण्याचा वेग मूळच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास ठेवा आणि शेवटी बॅच-नॉर्मचे (नॉर्मलायझेशनच्या थरांतले सरासरीचे) आकडे गोठवा.

प्रशिक्षणच कमी बिटांत करायचं असेल तर?

वजनांची मूळ प्रत ३२ बिटांत ठेवा, गणित १६ मध्ये करा. एफपी१६ ची कमाल ६५,५०४ आणि सर्वांत लहान किंमत साधारण ०.०००००००६. ग्रेडियंट (वजन किती बदलायचं ते सांगणारे आकडे) त्याहून बारीक झाले की शून्य होतात. म्हणून लॉसला (मॉडेलच्या चुकीच्या मापाला) १०२४ सारख्या गुणकाने वाढवून ग्रेडियंट काढतात आणि वजनं बदलण्याआधी परत भागतात. बीफ्लोट१६ चा घातांक ३२-बिट फ्लोटइतकाच, आठ बिटांचा आहे, त्यामुळे तिथे सहसा याची गरज पडत नाही.

मराठी भाषा-मॉडेल चार बिटांत चालवलं तर मराठी का बिघडते?

७ अब्ज वजनांचं मॉडेल १६ बिटांत १४ जीबी होतं. ३२-३२ वजनांचे गट आणि प्रत्येक गटाला एक १६-बिट स्केल अशा चार-बिट साच्यात दर वजनाला ४.५ बिट पडतात, म्हणजे सुमारे ३.९ जीबी. कॅलिब्रेशन लागणाऱ्या पद्धतींत मजकूर निव्वळ इंग्रजी वापरलेला असेल, तर देवनागरीसाठी महत्त्वाची वजनं 'कमी वापराची' ठरून जास्त खरबरीत गोल होतात. कॅलिब्रेशनमध्ये मराठी मजकूर घाला: बातम्या, पत्रं, बोलीतले संवाद. एम्बेडिंग (शब्दांचे आकडे करणारा पहिला थर) आणि शेवटचा थर सहा किंवा आठ बिटांत ठेवा. आकार थोडा वाढतो, पण जोडाक्षरं आणि विभक्ती प्रत्यय कमी बिघडतात.

कोणता बोर्ड घ्यावा?

कंपन किंवा आवाज यासाठी कॉर्टेक्स-एम४एफचा साधा बोर्ड, ६४ मेगाहर्ट्झ आणि २५६ किलोबाइट रॅम, पुरतो. लहान फोटोंसाठी आठ-बिट व्हेक्टर सूचना असलेला ईएसपी३२-एस३ चांगला. आरपी२०४० स्वस्त आहे, पण त्यात फ्लोट युनिट नाही. सगळं पूर्णांकांत लिहायची तयारी असेल तरच घ्या. रास्पबेरी पाय घेणार असाल तर ५ घ्या. पाय ४ च्या कॉर्टेक्स-ए७२ मध्ये आठ-बिट डॉट-प्रॉडक्टची सूचना नाही, पाय ५ च्या ए७६ मध्ये आहे, आणि या कामात तो फरक घड्याळाच्या वेगापेक्षा मोठा ठरतो.

वीज मोजायची कशी?

आयएनए२१९ या प्रवाह मोजणाऱ्या चिपचा छोटा मॉड्यूल पुरवठ्याच्या तारेत लावा. तो अर्ध्या मिलिसेकंदाला जेमतेम एक वाचन घेतो, म्हणून एकट्या अनुमानाची (मॉडेल एकदा चालण्याची) ऊर्जा त्यात नीट दिसत नाही. सलग हजार चालवा. समजा बोर्ड रिकामा असताना २६० मिलिअँपिअर, चालताना ४१०, दाब ५ व्होल्ट आणि हजार अनुमानांना ४० सेकंद. एकूण ८२ ज्यूल, म्हणजे दर अनुमानाला ८२ मिलिज्यूल, आणि त्यातले नेटवर्कचे फक्त ३०. उरलेले ५२ बोर्ड नुसता जागा राहण्याचे. अशा ठिकाणी बिट कमी करण्याआधी बोर्डाला झोपवायला शिकवा.

या मॉड्यूलचा शंट (प्रवाह मोजायचा रोधक) ०.१ ओहमचा असतो. ३ अँपिअरला तिथेच ०.३ व्होल्ट पडतात. त्यात बारीक तारेची यूएसबी केबल आली की रास्पबेरी पायचा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली जातो, तो वेग कमी करतो आणि तुमचं मोजमाप खोटं ठरतं.

मे महिन्यात उत्तरं बदलतात. उष्णतेमुळे का?

पूर्णांकांचं गणित उष्णतेने बदलत नाही, इनपुट बदलतं. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि बंद पत्र्याच्या पेटीत तो आणखी चढतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा अंधारातला प्रवाह दर सहा-आठ अंशांना साधारण दुप्पट होतो, फोटोत गोंगाट वाढतो आणि थरांचे पल्ले सरकतात. कॅलिब्रेशनमध्ये तापलेल्या कॅमेऱ्याचे फोटो घाला. रास्पबेरी पाय ८० अंशांवर वेग कमी करू लागतो, त्यामुळे फ्रेम सुटतात आणि पट्ट्यावरचा दाणा फुंकणीच्या (खराब दाणा हवेने उडवणाऱ्या नळीच्या) पुढे निघून जातो. पेटीला सावली द्या आणि हवा आत घेणाऱ्या पंख्याला धूळजाळी लावा. गोदामातली सोयाबीनची भुकटी हीटसिंकच्या पात्यांत बसते, ती महिन्यातून एकदा ब्लोअरने उडवा.